कमानपाट्याला भोक

मे महिना, पेरणीआधीची घाई, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या या टिनाच्या शेडमधे ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून ट्रॅक्टरच्या वखराची पास, म्हणजे माती कापणारं पातं, काढणं चालू आहे. कापायला गॅस कटर आहे, ते होऊन जाते. गाडं अडते बोल्टाच्या भोकापाशी.

हे पाहा. साधी हॅण्ड ड्रिल, नवी कोरी बिट, अंगातला सगळा जोर. जरासा कीस निघाला, मग नुसती चर्रर्र, धूर, अन् बिटाचं टोक निळं. बिटच बोगस म्हणून दुकानात भांडायला जाणारे पण आहेत, पण पाटा म्हणजे पाणी देऊन कडक केलेलं पोलाद, कडकपणाच्या रॉकवेल मापात ४५ च्या आसपास, अन् एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट ६३-६४, म्हणजे बिटच जास्त कडक. भानगड स्पीडची आहे राजेहो. मशीन फिरते मिनिटाला अडीच हजार फेरे आणि १० एमएमच्या बिटाला इथं दोन-अडीचशेच पाहिजेत, नाहीतर टोक तापत जाते आणि ६०० डिग्रीच्या पुढे एचएसएस सोताच नरम पडते.

म्हणून मिस्त्री पाटा नरम करायला आधी भट्टी पेटवतात. बोल्ट बसणार तेवढाच भाग निखाऱ्यात, धार बाहेर, तिच्यावर ओलं पोतं. शेडचं दार अर्धं लोटलेलं, कारण उन्हात लाल रंग समजत नाही. लाल झालं की तारेला बांधलेला लोहचुंबक लावून पाहायचा, चिकटला नाही म्हणजे साडेसातशेच्या वर गेलं, मग तो भाग राखेत पुरून रातभर ठेवायचा. राख कोरडीच पाहिजे, ओली असली तं पुन्हा पाणी बसलं, पाटा परत कडक झाला समजा.

सकाळी पिलर ड्रिलचा (खांबावर बसवलेल्या उभ्या ड्रिलचा) बेल्ट मोटरच्या लहान पुलीवर, म्हणजे फेरे कमी, पंच मारून आधी ५ एमएम, मग १०, वरून तेल. दाब सोडायचा नाही, बिट नुसती घासली की धार गेली. निघाला पाहा कीस, अख्खा गुंडाळलेला!

बेअरिंगची रिंग मात्र अशी तापवता येत नाही, कामातून जाते. तिथं भिंतीला भोक पाडायची बिट चालते, तिच्या टोकाला कार्बाइड, म्हणजे पोलादाहून कडक तुकडा, असते, पण ग्राइंडरच्या हिरव्या चाकावर धार काढल्याशिवाय उपयोग नाही आणि मशीनचा हॅमर (ठोके मारणं) बंद पाहिजे. चष्मा लावा. तापलेल्या टोकावर पाणी मारू नका, तडकते. आरपार व्हायला आलं की हात हलका करा, कार्बाइड तुटते ते तिथंच.