अठरा कार्डं, दोन याद्या

टेबलावर अठरा कार्डं पसरली आहेत. दिसणं, तब्येत, शिक्षण, भरवशाचा स्वभाव, मुलाबाळांची आवड… ही यादी आमची नाही. १९३९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रूबेन हिल यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, आयुष्याचा जोडीदार कसा हवा? तेव्हाचे हे अठरा गुण. १९९६ पर्यंत हीच यादी नव्या नव्या पिढ्यांपुढे ठेवली गेली. ‘परस्परांची ओढ आणि प्रेम’ हे कार्ड सुरुवातीला मुलांनी चौथं लावलं होतं, मुलींनी पाचवं. १९९६ मध्ये दोघांनीही ते पहिलं लावलं. ‘लग्नाआधी शरीरसंबंध नसणं’ मात्र दहाव्यावरून पार तळाजवळ गेलं.

मूळ प्रश्न फक्त लग्नाचा होता. या चित्रफितीसाठी आम्ही तो काही जोडप्यांना दोनदा विचारला: एकदा प्रेमासाठी, एकदा लग्नासाठी.

आता हे हात बघा. पहिल्या फेरीत ‘दिसणं’ झटक्यात उचललं गेलं. ‘कमाईची शक्यता’ नखानंच बाजूला सारली. दुसऱ्या फेरीत तेच कार्ड अंगठ्याखाली घट्ट दाबलेलं आहे. चेहरे दाखवणार नाही, असं आम्ही आधीच कबूल केलं होतं.

याला दुटप्पीपणा म्हणून मोकळं होणारे खूप आहेत. आम्हाला ते पटत नाही. लग्नाच्या यादीत आजारपण, घराचे हप्ते, थकलेले आईवडील असे सगळेच येऊन बसतात, मग निवड तीच कशी राहील?

मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ली आणि सहकाऱ्यांनी तर विद्यार्थ्यांना मोजकं बजेट देऊन जोडीदाराचे गुण ‘विकत’ घ्यायला लावले. २००२ च्या त्या अभ्यासात, दीर्घकाळच्या जोडीदारासाठी हात आखडता घ्यावा लागला, तेव्हा मुलांनी आधी रूप घेतलं आणि मुलींनी सामाजिक स्थान व कमाई. २००६ मध्ये थोड्या काळाच्या संबंधांबद्दल विचारलं, तर दोघांचाही खर्च आधी रूपावरच! आणि २००८ च्या एका स्पीड-डेटिंग प्रयोगात, म्हणजे अनोळखी मुलामुलींच्या एकामागोमाग झटपट भेटींत, कागदावरची आवड आणि प्रत्यक्ष भेटीत आवडलेली माणसं, यांचा फारसा मेळच बसला नाही.

आमची तक्रार यादीबद्दल नाही, ती दडवण्याबद्दल आहे. दुसरी, लग्नाची यादी बहुतेक वेळा लग्नाचा विषय निघाल्यावरच बाहेर येते. तोवर एकजण पहिलीवर विसंबलेला असतो, मग नातं तुटतं.

इथे समोरासमोर बसलेली जोडपी आपापले दोन्ही कागद एकमेकांच्या हाती देत आहेत. यापुढचं बोलणं त्यांचंच, निवेदनाशिवाय.