मामांची वही

(दृश्य : संध्याकाळचं मैदान. खो-खोचे दोन खांब. मधल्या पाटीवर चुन्याची ताजी रेघ.)

धाराशिव जिल्ह्यातलं आमचं गाव काळ्या मातीचं. पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल चिकटतो, आणि शालेय खो-खो स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत येतात. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य. म्हणून माझा मित्र उन्हाळ्यातच मुरूम आणून ठेवायचा. सकाळचं दूध पोचवून आला की कॅन उतरवायचा आणि त्याच टेम्पोत मुरूम भरायचा. मैदानावर पसरून पाणी मारायचा. रोलर कुठला आणणार? त्याला 'मामा' म्हणणाऱ्या संघातल्या मुलींना सांगायचा, "नाचा गं यावर!" त्या नाचायच्या आणि मैदान दबायचं.

तो शिक्षक नव्हता, शाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव कधीच नव्हतं. दूध गोळा करणारा माणूस. तरुणपणी माझ्याबरोबर खेळला, एवढंच. पण 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी खो-खोचं सुवर्ण जिंकलं, आणि कर्णधार होती आपल्याच जिल्ह्याची सारिका काळे. तिच्या फोटोचं कात्रण त्यानं टेम्पोत स्टिअरिंगसमोर चिकटवलं. पुढं 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच्याखाली दुसरं कात्रण आलं. ऊन लागून दोन्ही पिवळी पडलीत. टेम्पो अजून तोच आहे.

(दृश्य : टेम्पोची काच, आतून.)

पाच वाजता सराव. आठ जणी पाटीवर बसलेल्या, एक पाठलागावर, समोर तिघींची पळती. याच्या हातात घड्याळ आणि वही. कोण किती पळली ते तो सेकंदासकट लिहायचा. मी ती वही बघितलीय. एका मुलीच्या नावापुढं महिनाभराचे आकडे आहेत : 35 सेकंद, 38, 41, परत 36. आणि त्या 36 पुढं पेन्सिलीनं लिहिलंय, "ताप होता." मला वाटतं, हा माणूस कळायला एवढं पान पुरेसं आहे.

संध्याकाळचं दूध मोजायला वहिनी बसायच्या. फॅट बघणं, हिशोब लिहिणं, सगळं त्याच करत. कारण सात वाजेपर्यंत हा मैदानावर. त्याबद्दल त्यानं वहिनींना कधी गृहीत धरलं नाही. रात्रीची भांडी तो घासायचा. आणि स्वतःच्या मुलींच्या वेण्या सकाळी तोच घालायचा, कारण तेव्हाही वहिनी दुधावर असायच्या. स्पर्धेच्या दिवशी पहाटे मैदान आखून यायचा आणि तशाच हातांनी वेण्या घालायचा. थोरलीच्या लाल रिबिनीवर पांढरी बोटं उमटलेली असायची. ती एक रिबीन तिनं धुतलेली नाही.

(दृश्य : रिबीन, अगदी जवळून. काही क्षण निवेदन नाही.)

जिल्ह्याला संघ न्यायचा म्हणजे मुलींच्या घरच्यांना धास्ती. एका वडिलांनी तर सरळ सांगितलं, पोरगी गावाबाहेर जाणार नाही. मी त्याच्याबरोबर होतो त्या दिवशी. हा वाद घालत बसला नाही. घरी गेला आणि आईला घेऊन आला. सत्तरीच्या आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी चाललेय ना संगं. माझ्या अंथरुणाशेजारी झोपंल ती." पोरगी आली. तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेला टेम्पोत पुढच्या सीटवर आई, मांडीवर धपाट्यांचं आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं. मागं बारा मुली. खेळातलं आईंना फारसं कळत नव्हतं, पण कुणी खांबावर सूर मारला की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

19 जानेवारी 2025. दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम फेरी. यानं अंगणात टीव्ही आणून ठेवला, अख्खी आळी बसली. भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 नं हरवलं, नंतर पुरुषांनीही चषक जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. सगळे ओरडत होते. हा मात्र धाकटीला जवळ घेऊन टीव्हीवर बोट ठेवून दाखवत होता : "ती बघ, ती कशी वळली. खांदा आधी, पाय मागनं."

त्याच वर्षी पावसाळ्यात एका पहाटे, दुधाचे कॅन चढवताना, त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आठवड्यावर तालुक्याच्या स्पर्धा होत्या. दोस्ता, तुला खांदा दिला तेव्हा माझ्या मागं बारा पोरी शाळेच्या गणवेशात चालत होत्या.

(दृश्य : वहीचं पान.)

वहीत त्याचं अक्षर इथं थांबतं. तीन दिवस कोरे आहेत. चौथ्या दिवसापासून अक्षर बदलतं. हे वहिनींचं. दुधाच्या हिशोबासारखं सरळ, एकाखाली एक. आता पाच वाजता त्या मैदानावर असतात, आणि दुधावर आई बसतात.

(दृश्य : मैदान. धाकटी पळतीला उतरते. शिट्टी.)

"खो!"

(घड्याळ थांबतं. वहिनी लिहितात : 52 सेकंद.)