सोळा टोल्यांनंतरची नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

युद्धनौकेवर एक वही असते, तिला डेक लॉग म्हणतात. जहाज कुठे आहे, कोणत्या दिशेला आणि किती वेगाने चाललंय, कोणती यंत्रं सुरू आहेत, ते सगळं पहाऱ्यामागून पहारा या वहीत उतरतं. वाक्यं ठरलेली. खोडरबर चालत नाही. चूक झाली तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, बरोबर मजकूर लिहायचा आणि आपली आद्याक्षरं घालायची. जुना शब्द रेघेखालून वाचता आला पाहिजे. अशा वहीत अमेरिकन नौदलाचे अधिकारी वर्षातून एकदा कविता लिहितात. 1 जानेवारीला मध्यरात्री 12 ते पहाटे 4 या पहाऱ्याची पहिली नोंद पद्यात करायला तिथे मुभा आहे. एरवी मध्यरात्री घंटेचे आठ टोले पडतात. त्या रात्री सोळा: आठ सरत्या वर्षाचे, आठ नव्याचे.

ही चाल नेमकी कुणी पाडली ते नोंदलेलं नाही. ‘आयडाहो’ या युद्धनौकेवरची 1926 सालची नोंद जुन्यांत जुनी मानली जाते. व्हिएतनाम युद्धाच्या वर्षांत या कवितांना भर आला, पुढे त्या विरळ झाल्या. 2021 पासून नौदलाच्या इतिहास विभागाने त्यांची स्पर्धा पुन्हा सुरू केली आहे.

आता यातली खरी मेख. मुभा आहे ती फक्त पद्याची, माहिती गाळण्याची नाही. जहाज बंदरात असेल तर बंदराचं नाव, धक्का कितवा, कोणती बाजू धक्क्याला लागली आहे, दोर किती आणि कसे, हे सगळं आलंच पाहिजे. वीज, वाफ, पाणी कुठून येतंय, बंदरात आणखी कोणती जहाजं आहेत, हजर असलेल्यांत सर्वांत वरिष्ठ अधिकारी कोण, हेही. समुद्रावर असेल तर कुठून कुठे निघालंय, सोबत कोण, दिशा, वेग, कोणते बॉयलर चालू, दिवे लावलेत की अंधार ठेवलाय, जहाज किती सज्ज आहे. वरिष्ठांचं हुद्द्यासकट भलंमोठं नाव यमकात बसवताना भल्याभल्यांचा कस लागतो.

हे मराठीत कसं दिसेल ते ऐका. इथल्या ओळी मुद्दाम नमुना म्हणून रचल्या आहेत, 16 आणि 14 मात्रांच्या:

टोले सोळा, वर्ष पालटे,
डावी बाजू धक्क्याला;
दुहेरी दोर सहा बांधले,
वारा वायव्येकडला.

दुसऱ्या बॉयलरमधुनी वाफ,
गोडे पाणी धक्क्याचे;
तिसऱ्या जनरेटरची वीज नि
जागे डोळे गस्तीचे.

कानाला बरं वाटतं, पण नोंद म्हणून हे अपुरं आहे. बंदराचं नाव नाही, धक्क्याचा क्रमांक नाही, शेजारची जहाजं नाहीत, वरिष्ठ अधिकारी नाहीत. निदान आणखी दोन कडवी लागतील. आणि ‘जागे डोळे गस्तीचे’ ही ओळ माहिती काहीच देत नाही, नुसती यमकासाठी आली आहे. अशी एखादी ओळ खपते. तीन-चार झाल्या की नोंद पातळ होते.

एक चूक इथे टाळली आहे, तीही पाहा. ‘दुसऱ्या बॉयलरमधुनी’ याऐवजी ‘बॉयलर दोन पेटते’ असं लिहिलं असतं तर? क्रमांक दोनचा बॉयलर, की दोन बॉयलर? पद्यात शब्द मागेपुढे होतात, विभक्तीचे प्रत्यय गळतात आणि क्रमांक व संख्या यांची गल्लत होते. दोरांचंही तसंच. दोरांना नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, मागे एक, दोन, तीन असे क्रमांक असतात. नुसतं ‘दोर सहा’ म्हणजे सहा दोर की मागच्या टोकाकडचा सहावा, हे पुढच्या पहाऱ्यावर येणाऱ्याला विचारावं लागता कामा नये.

नांगरावर उभ्या असलेल्या जहाजाची नोंद तर फारच जपून करावी लागते. नांगराची साखळी तुकड्यांनी मोजतात. एक तुकडा 15 वाव, म्हणजे 90 फूट. समजा पाणी 10 वाव खोल आहे आणि साखळी 60 वाव सोडली आहे. वारा आणि भरती-ओहोटी फिरली की जहाज नांगराभोवती फिरतं. ते किती मोठ्या वर्तुळात फिरेल हे साखळीच्या लांबीवर ठरतं, आणि नांगर घसरतोय का याचा अंदाजही त्यावरूनच घेतात. यमकासाठी साठाचे ‘पन्नास’ केले तर शेजारच्या जहाजापासून किती अंतर राहील हा हिशोबच चुकतो. म्हणून जाणते अधिकारी आकडे ओळीच्या मध्यावर ठेवतात आणि यमक साध्या शब्दांवर घेतात. आणखी एक फायदा त्यात असतो. कविता बहुधा आधीच रचून ठेवलेली असते. अकरा वाजता बॉयलर बदलला, वेग कमी केला, तर मधला एक शब्द बदलून भागतं. आकडा यमकात अडकला असेल तर अख्खं कडवं मोडतं.

पद्य संपलं की पहारा संपत नाही. सव्वादोनला दिशा बदलली, तीनला कुणी जखमी झालं, तर ते सहसा वेळ घालून साध्या गद्यातच लिहितात. चार वाजता अधिकारी सही करतो आणि कवितेची जबाबदारी त्या सहीवर येते.

ही जबाबदारी किती लांब पोचते, याचं एक उदाहरण फार मोलाचं आहे. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकामुळे आजारी पडलेल्यांच्या भरपाईचा हक्क, अमेरिकेच्या 2019 च्या कायद्याने, तिथल्या किनाऱ्यालगत 12 सागरी मैलांच्या पट्ट्यात असलेल्या जहाजांवरच्या लोकांनाही मिळाला. कोणतं जहाज कोणत्या दिवशी त्या पट्ट्यात होतं हे शोधायला डेक लॉगच कामी आले. 1 जानेवारीचं पानही त्यातच. तिथे कुणी आपल्या जागेऐवजी नुसत्या चांदण्याचं वर्णन केलं असेल, तर पन्नास वर्षांनी एखाद्या म्हाताऱ्या खलाशाचा एका दिवसाचा पुरावा कच्चा राहिला.

जुने लॉग साधारण 30 वर्षांनी अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्ह्जकडे, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, जातात. व्हिएतनामच्या काळातली पुष्कळ पानं त्यांनी स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत. आपल्याकडे उरण, रत्नागिरी, मालवणात घरोघरी कुणी ना कुणी बोटीवर असतं. व्यापारी बोटीवर 12 ते 4 चा पहारा सेकंड ऑफिसरचा, त्यामुळे त्या वेळेची नोंद लिहिणं काय असतं हे तिथे सांगावं लागत नाही. त्यांनी ही पानं जरूर पाहावीत. जहाजाचं नाव घ्यायचं, जानेवारी महिना काढायचा आणि पहिलं पान उघडायचं. सगळ्याच जहाजांवर पद्य मिळत नाही. गद्य निघालं तर पुढच्या वर्षाचा जानेवारी पाहा, नाहीतर दुसरं जहाज घ्या.