आकाशातले विमान आणि डोळ्यांचा अंदाज

(साताऱ्यातील एका विज्ञान व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

नकाशावर मुंबई आणि बंगळुरू ही दोन शहरे सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा जवळजवळ साताऱ्यावरूनच जाते. त्यामुळे खूप उंचावरून जाणारी विमाने आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत आणि त्यांच्याविषयी आपण छातीठोकपणे बोलतोही: हे अगदी सावकाश चालले आहे, ते फारच खाली आले होते, ते तर काही वेळ एका जागी थांबलेच होते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की अशा विधानांत डोळ्याने पाहिलेले थोडे आणि मनाने जोडलेले पुष्कळ असते. डोळ्याला विमानाचा वेग दिसत नाही. ठरावीक वेळात विमानाची दिशा किती अंशांनी बदलली, तेवढेच त्याला कळते. त्यावरून वेग काढायचा, तर अंतर ठाऊक हवे. जमिनीवर ते अंतर झाडे, विजेचे खांब, रस्त्याच्या कडा आपल्याला न मागता सांगत असतात. मोकळ्या आकाशात ते सांगणारे कोणीच नसते, आणि मग मन आपल्या पदरचे एखादे अंतर गृहीत धरते.

हे कोणालाही अजिंक्यतारा किल्ल्याच्या तटावर उभे राहून पडताळून पाहता येईल. हात पुढे ताठ करून मूठ आवळली, तर ती आपल्या डोळ्यापाशी साधारण १० अंशांचा कोन करते. म्हणजे क्षितिजापासून माथ्यापर्यंत अशा नऊ मुठी बसतात. आता बंगळुरूहून मुंबईकडे निघालेले एक विमान १० किलोमीटर उंचीवरून, ताशी ८५० किलोमीटर वेगाने, आग्नेयेकडून आपल्याच दिशेने येत आहे असे समजा. ते क्षितिजाच्या वर एक मूठ दिसते, तेव्हा जमिनीवरून मोजल्यास आपल्यापासून सुमारे ५७ किलोमीटर दूर असते. तेथून दुसऱ्या मुठीपर्यंत चढायला त्याला दोन मिनिटे लागतात, आणि त्या दोन मिनिटांत त्याने २९ किलोमीटर अंतर कापलेले असते. आरंभी तर त्याची गती इतकी मंद भासते, की चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे वर सरकायला १२ सेकंद जातात. तेच विमान माथ्याजवळ आले, की शेवटच्या तीन मुठी अवघ्या २४ सेकंदांत ओलांडते, आणि अगदी डोक्यावर असताना दर सेकंदाला अडीच चंद्रबिंबांहून अधिक सरकते. वैमानिकाने या साऱ्या वेळात वेग तसूभरही वाढवलेला नाही.

‘विमान आकाशात थांबले’ म्हणून मोबाइलवर जी चित्रणे फिरतात, त्यांतल्या पुष्कळांचे मूळ हेच आहे: विमान पाहणाऱ्याच्या रोखाने येत असते किंवा त्याच्यापासून सरळ दूर जात असते. पाहणारा स्वतः चालत्या गाडीत असेल, तर गाडीच्या गतीमुळे विमानाची उरलीसुरली सरकही काही क्षण पुसली जाऊ शकते. याच भूमितीमुळे एका पातळीत उडणारे विमान येताना वर चढत असल्यासारखे आणि जाताना खाली उतरत असल्यासारखे दिसते. संध्याकाळी यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूला एखाद्या विमानामागची पांढरी रेघ मावळतीच्या उजेडात तांबडी झाली, की काहीतरी पेटून कोसळत आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते विमान आपली उंची राखून पश्चिमेकडे दूर चाललेले असते.

आता आकाराविषयी. मुंबई विमानतळाजवळ उतरती विमाने पाहिलेल्यांना हा अनुभव असेल, की एअरबस ए-३८० हे अवाढव्य विमान तरंगत आल्यासारखे वाटते आणि त्याहून लहान ए-३२० झपकन निघून जाते. उतरताना दोघांचा वेग साधारण सारखाच, ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतो. मात्र ए-३८० ची लांबी जवळजवळ ७३ मीटर आणि ए-३२० ची सुमारे ३७.५ मीटर आहे. स्वतःच्या लांबीएवढे अंतर कापायला पहिल्याला साधारण एक सेकंद लागतो, तर दुसऱ्याला अर्धा. मन नकळत वस्तूच्या स्वतःच्या मापाने तिची गती मोजते. हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरील अपघातांची चर्चा करताना, मोठे इंजिन असल्यापेक्षा हळू येत आहे असे वाटते, याकडे लक्ष वेधले होते. मिरजेकडच्या मंडळींनी फाटक ओलांडताना हे अवश्य ध्यानात ठेवावे. तेथे अंदाज चुकला, तर जिवावर बेतते.

कानही येथे मदत करत नाही. १० किलोमीटर उंचीवरून आवाज खाली पोहोचायला अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढ्यात विमान सात किलोमीटर पुढे गेलेले असते. आवाजाच्या दिशेने पाहिले, तर आकाश रिकामेच दिसते.

रात्रीचा प्रकार याहून खोल आहे, कारण तेथे न हलणारी वस्तूही हलताना दिसते. १७९९ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांना स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील पर्वतावरून तारे डोलताना दिसले. ती हालचाल ताऱ्यांची नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीतली आहे, हे पुढे उमगले. काळोखात एकटा प्रकाशबिंदू टक लावून पाहिला, तर तो भटकू लागतो. १९३५ मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी अंधाऱ्या खोलीत लोकांना असा स्थिर बिंदू दाखवून तो किती सरकला, हे विचारले. एकेकट्याने दिलेली उत्तरे निरनिराळी होती. गटात बसवून मोठ्याने उत्तरे द्यायला लावल्यावर मात्र ती एकमेकांजवळ सरकत गेली. म्हणून आकाशात काही वेगळे पाहिले, तर इतरांशी बोलण्यापूर्वी आपले निरीक्षण लिहून काढावे, आणि त्यात वेग किंवा उंची न लिहिता दिशा, किती मुठी वर होते आणि घड्याळातील वेळ लिहावी. ‘दहा जणांनी एकच सांगितले’ या पुराव्याला मी फार वजन देत नाही. त्या दहा जणांनी आधी आपसांत चर्चा केली होती का, हे मला प्रथम विचारावेसे वाटते.

जमिनीवरून पाहणाऱ्याची चूक बहुधा निरुपद्रवी असते, वैमानिकाची तशी नसते. सरळ मार्गाने, स्थिर वेगाने दोन विमाने टकरीच्या रोखाने येत असतील, तर एकाच्या काचेवर दुसरे मुळीच सरकत नाही. एकाच जागी ठिपका होऊन राहते, आणि सरकणाऱ्या वस्तूंकडे वळणारी आपली नजर नेमकी त्यालाच वगळते. समोरासमोरची दोन विमाने सेकंदाला ५०० मीटरने जवळ येत असतील, तर सुमारे ३६ मीटर पंखविस्ताराचे विमान टकरीच्या दहा सेकंद आधीही चंद्रबिंबाहून लहान दिसते, दोन सेकंद उरले असता जेमतेम चार चंद्रबिंबांएवढे होते, आणि मग एकाएकी सगळी काच व्यापते. म्हणूनच काचेवर न हलणारा ठिपका सर्वांत धोक्याचा मानावा, असे वैमानिकांना शिकवतात. प्रवासी विमानांत तर टक्कर टाळणारे यंत्र बसवलेले असते. ते दुसऱ्या विमानातील उपकरणाला रेडिओ संदेशाद्वारे विचारणा करते, उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते आणि टकरीला किती सेकंद उरले, याचा हिशेब सतत मांडत राहते.