चेन कव्हरच्या आत

[शिरोळ तालुका. उसाची ट्रॉली जाते, मागून दुचाकी.]

फडातून निघालेल्या ट्रॉल्यांच्या चाकांना चिकटलेला चिखल डांबरावर सांडतो. मागून जाणाऱ्या दुचाकीची चेन उघडी असेल, तर तो थेट तिच्यावरच उडतो. या स्प्लेंडरला कंपनीचं कव्हर अजून शाबूत आहे.

[जवळून: रबरी बूच]

कव्हरला बसवलेलं हे काळं बूच. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या कितीजणांनी ते काढून पाहिलं असेल, कोण जाणे. मिस्त्रींनी बूच उपटलं, आत बोट घालून चेन वर उचलली, खाली दाबली. गाडी डबल स्टँडवर, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून चेनजवळ हात नेणाऱ्यांची बोटं गेली आहेत.

आता चाक हाताने थोडं फिरवायचं, थांबायचं, पुन्हा चेन उचलून बघायची. इथे ढिली लागते, जरा पुढे कडक. मिस्त्री परत मागे येतात. तीच जागा, पुन्हा कडक. सगळ्या कड्या सारख्या झिजत नाहीत ना! माप घ्यायचं ते या सर्वांत कडक जागेवर. अशा गाड्यांना साधारण 20 ते 30 मिलिमीटर प्ले, म्हणजे चेनची वर-खाली होण्याची मोकळीक, लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, आतल्या पिना आणि बुश झिजतात. एका सांध्यात 0.1 मिलिमीटर गेलं, तरी शंभर सांध्यांचं मिळून एक सेंटिमीटर होतं. आणि बारीक माती मिसळलेलं ऑइल म्हणजे पॉलिश पेपरच.

[पाना, एक्सल, स्विंगआर्मवरच्या खुणा]

एक्सलचा, म्हणजे मागच्या चाकाच्या दांड्याचा, नट ढिला केला. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर, म्हणजे चाक मागे सरकवून चेन ताणणारे स्क्रू, सारखेच फिरवायचे. स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, या बारीक रेघा बघा: डावीकडे जितकी, उजवीकडेही तितकीच. नाहीतर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरते त्या दातेरी चाकाचे, दाते एकाच अंगानं झिजतात. नट आवळल्यावर प्ले पुन्हा तपासला. आवळताना तो बदलतो. चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉडही ओढला जातो, म्हणून त्याचा नट थोडा सोडला. शेवटी 90 नंबरचं गिअर ऑइल, थेंब थेंब, कड्यांच्या फटीत. वरून ओतलेलं ऑइल रिमवर उडतं, आत जात नाही.

फार कडक चेन गिअरबॉक्सची बेअरिंग खाते. फार ढिली चालत्या गाडीत उतरते आणि चाक जाम करते.

[बाकड्याखाली काढलेल्या कव्हरांचा ढीग]

ही कव्हरं पोरांनी काढायला लावलेली. गाडी स्पोर्टी दिसते म्हणे. मिस्त्री आता कव्हर काढून देतात, पण ठेवून घेत नाहीत. पोत्यात गुंडाळतात आणि ज्याचं त्याच्या हातात देतात.