अमृतांजनवाले पंतुलु

[दृश्य: पिवळ्या बामची काचेची छोटी बाटली. एक बोट झाकण फिरवतंय.]

झाकण उघडायचा अवकाश, खोलीभर वास! डोकं ठणकू दे, नाक चोंदू दे, कंबर धरू दे. आमच्याकडे आजीचा हात आधी या बाटलीकडे जातो. अमृतांजन. हा बाम मुंबईचा, आणि तो काढणारा माणूस तेलुगू.

काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु. जन्म १८६७, आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यात. मद्रासला शिकले, पोटापाण्यासाठी कलकत्त्याला गेले आणि तिथून मुंबईत आले. १८९३ साली त्यांनी इथंच अमृतांजन विकायला सुरुवात केली.

बाममधलं मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. गार वाटतं, लक्ष तिकडे जातं आणि ठणका जरा मागे पडतो. दुखण्याचं मूळ तिथंच राहतं म्हणा, पण तेवढ्यात झोप लागली तर कोणाची तक्रार आहे?

खरी हुशारी विक्रीत होती. पंतुलु गाण्याच्या मैफलींत हा बाम फुकट वाटायचे. बंद सभागृहात चारचौघांनी कपाळाला लावला की बाकीच्यांना वेगळं सांगायला नको!

[दृश्य: बोरघाट, द्रुतगती मार्ग.]

जाहिरातीचं वेड पुढंही टिकलं. खंडाळ्याजवळच्या १८३० सालच्या ब्रिटिशकालीन पुलावर अमृतांजनची जाहिरात झळकली आणि लोकांनी पुलालाच ते नाव देऊन टाकलं. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून तो पाडला.

[दृश्य: जुना छापखाना, तेलुगू खिळे.]

बामचा पैसा गेला कुठं? छापखान्यात. १९०८ साली पंतुलुंनी ‘आंध्रपत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढलं, तेही मुंबईतून. १९१४ मध्ये मद्रासला गेल्यावर त्याचं दैनिक झालं. १९२४ मध्ये ‘भारती’ हे साहित्याचं मासिक आलं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही झाला. लोक त्यांना ‘देशोद्धारक’ म्हणत. डोकेदुखीच्या औषधावर एका भाषेची पत्रकारिता उभी राहिली, हे मला त्या बामपेक्षाही मोठं वाटतं.

तेलुगू भाषकांचा स्वतंत्र प्रांत व्हावा, ही त्यांची धडपड. १९३७ साली त्यांच्याच मद्रासच्या ‘श्रीबाग’ या घरी किनारी आंध्र आणि आतल्या भागातली रायलसीमा, अशा दोन्ही तेलुगू भागांचे पुढारी एकत्र बसले, या प्रांतासाठी आपसांत करार झाला. पुढच्याच वर्षी पंतुलु गेले. आंध्र राज्य व्हायला १९५३ साल उजाडलं.