शेवटची गाडी सुटल्यावर : टोकियोची रात्र

टोकियोत रात्रीचा बेत 'शूदेन' बघून आखतात. शूदेन म्हणजे शेवटची गाडी. बहुतेक मार्गांवर ती साडेबारा-एकपर्यंत निघून जाते, आणि पहिली येते पहाटे साडेचारनंतर. मध्ये उरते ती टॅक्सी, तीही रात्री दहापासून 20 टक्के महाग. शेवटची कर्जत लोकल धावत पकडलेल्यांना हे गणित समजावायला नको.

दुपार शिमोकिताझावात काढायची. शिबुयाहून इनोकाशिरा लाइनच्या जलद गाडीनं जेमतेम चार मिनिटं. गल्लोगल्ली 'फुरुगी', म्हणजे वापरलेल्या कपड्यांची दुकानं. कॉलरवरच्या साइजवर मात्र जाऊ नका. अमेरिकेतून आलेला 'एम' जपानी 'एम'पेक्षा ऐसपैस असतो, आणि धुऊन धुऊन किती आटलाय हे चिठ्ठी सांगत नाही. आपला नीट बसणारा शर्ट घरीच सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजून ठेवा. दुकानात तेवढंच माप जुळवायचं.

संध्याकाळी शिबुयाच्या चढावरचं 'लायन'. 1926 पासूनचं कॉफीघर. खुर्च्या सगळ्या एका दिशेला, समोर भिंतभर स्पीकर, आणि गप्पा मारायला बंदी. कॉफीसुद्धा कुजबुजत मागवायची.

मग शिंजुकूची 'गोल्डन गाय', म्हणजे बारची वस्ती. सहा अरुंद बोळ, दोनशेहून जास्त बार, एकेकात पाच ते दहा माणसं. वरच्या मजल्याचा जिना जवळजवळ शिडीच. चौघांनी मिळून जाल तर दारातूनच परत याल, दोघंच जा. आत शिरण्याआधी दारावरची पाटी वाचा. बसण्याचे वेगळे पैसे लागतात, बऱ्याच ठिकाणी 500 ते 1000 येन किंवा त्याहून अधिक. बिलावरून होणारे बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. रोख रक्कम जवळ हवी. आणि बोळात परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही.

नाचायचंय? 1948 च्या कायद्यानं मध्यरात्रीनंतर क्लबमध्ये नाचायला मनाई होती. ती उठली थेट जून 2016 मध्ये, तीही अटीवर: रात्रभर चालवायचं तर उजेड 10 लक्सहून जास्त हवा, साधारण सिनेमाच्या मध्यंतराइतका. नाचण्यावरची बंदी उठवताना सरकार लक्समीटर घेऊन बसलं, ही गंमत खास तिथलीच. दारावर 20 वर्षं पूर्ण झाल्याचा पुरावा मागतात. पासपोर्ट मूळच लागतो. मोबाइलमधल्या फोटोवर बहुधा परत पाठवतात.

पहाटे अंग शेकायला 'सेंतो', म्हणजे सार्वजनिक स्नानगृह गाठू म्हणाल तर फसाल. बहुतेक सेंतो दुपारी तीन-चारला उघडतात. आंघोळ आदल्या संध्याकाळीच उरकायची. 2024 पासून दर 550 येन. आधी हौदाबाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, मगच हौदात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही.

साडेचार. शिंजुकूतल्या काबुकिचो वस्तीत कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी टाकलेली, आणि कावळे ती चोचीनं उचलताहेत. यामानोते लाइनवर बसायला जागा मिळते. डोळा लागला तरी बिघडत नाही, गाडी गोल फिरते: 30 स्टेशनं, तासाभरात पुन्हा शिंजुकू.